मधला चेहरा

माझं लग्न ठरलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या धुळ्यात सत्तावीस म्हणजे घोडनवरी. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण माझी पाठ वळायचाच काय तो अवकाश असे. त्यात मी चित्रकलेचा डिप्लोमा केलेली आणि चित्रं काढायची ती माणसांची. गणपती, कमळं, सूर्यास्त असलं काही काढत असते तर खपून गेले असते. मी काढायचे मेथी विकणाऱ्या बाईच्या मानेवरच्या घड्या, कॉलेजच्या शिपायाच्या टाचा. मला बघायला आलेल्या एका घरच्या मंडळींनी माझी चित्रांची फाइल चाळून वडिलांना विचारलं, "मुलगी चांगलं काही काढत नाही का?" ते गेल्यावर वडिलांनी हाच प्रश्न मला विचारला. मी म्हटलं, टाचा चांगल्याच आल्यात.

आई मी शाळेत असतानाच गेली होती. माझं लग्न लावून दिल्यावर वडीलही वर्षाच्या आत गेले. भावाला सुरतेला काम मिळालं, त्याने धुळ्याचं घर विकलं आणि वहिनीने दिवाळीला एक कार्ड धाडलं. तिथून पुढे मला माहेर उरलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

नवरा जळगावचा, सरकारी कचेरीतला, बिजवर. पहिली बायको काविळीने गेलेली, मागे चार वर्षांची मुलगी. घरात सासूबाई, त्या असोद्याच्या. माणसं वाईट नव्हती. लग्नाच्या दिवशीच सासूबाईंनी माझ्या मंगळसूत्राच्या शेजारी काळ्या दोऱ्यात एक चांदीचा छोटा टाक बांधला. त्यावर बाईची आकृती ठोकलेली होती. "ही पहिली," त्या म्हणाल्या. "हिले इसरायचं नाही. सणावाराले आधी हिचं पान वाढायचं, मंग आपलं." मी टाक हातात धरून बघितला. असे टाक सोनार एका ठशावर डझनाने काढतो. दोन टिंबं डोळे, एक आडवी रेघ तोंड. तो चेहरा पहिलीचा नव्हता, दुसऱ्या कुणाचाही नव्हता.

मला वाईट वाटलं का, असं पुढे एका मैत्रिणीने विचारलं होतं. नाही वाटलं. बरंही वाटलं नाही. दातांच्या डॉक्टरने सुई दिली की गाल जागेवर असतो, पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो. मी तशी त्या घरात वावरत होते. स्वयंपाक करायचे, मुलीची वेणी घालायचे, नवऱ्याचे कपडे इस्त्रीला द्यायचे. रंगांची पेटी पलंगाखाली होती आणि तिच्यावर सासूबाईंनी पापडांचा डबा ठेवला होता. मुलगी मला मम्मी म्हणायची. शेजारच्या मुली आपापल्या आयांना तेच म्हणत, तिने तिथूनच उचललं.

पहिली आखाजी आली. खान्देशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणींची दिवाळी. अक्षय्य तृतीयेला भाऊ मुराळी होऊन बहिणीला न्यायला येतो आणि मग माहेरी झोके, गाणी, सांजोऱ्या, आमरस. माझं कुणी येणार नव्हतं, म्हणून मी सकाळीच गव्हाचं दळण काढून बसले होते. तेवढ्यात दारात एक माणूस आला. खांद्यावर पिशवी, पांढरी टोपी, घामाने सदरा पाठीला चिकटलेला. तो पहिलीचा भाऊ होता, भडगावचा. ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि सासूबाईंना म्हणाला, "बाईले लेवाले उनू."

मला वाटलं तो भाचीला न्यायला आला आहे. मी तिचे फ्रॉक काढायला उठले, तर सासूबाई म्हणाल्या, "तिचे काय काढती, तुही लुगडी भर. तो तुले न्यायाले आला."

मग त्यांनी मला रीत सांगितली. लेक गेली आणि जावयाने दुसरी केली, तर ती दुसरी त्या घरची लेक. तिला बोलवायचं, साडीचोळी करायची, पाठवणी करायची. सगळीकडे हे पाळत नाहीत, पण भडगावची मंडळी पाळणारी होती. मी नवऱ्याकडे बघितलं. ते म्हणाले, "जाऊन ये. ती माणसं चांगली आहेत." त्यांच्या लेखी बहुतेक माणसं चांगलीच असत, कारण ते फारसं कुणाकडे बघत नसत.

एस.टी. आम्हा तिघांना घेऊन भडगावला पोचली तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि गिरणा नदीत नुसती वाळू होती. घर लहान, पुढे ओटा, ओट्याला लागून निंब. दारात पहिलीची आई उभी होती. माय. तिने भाकरीचा तुकडा माझ्यावरून ओवाळून टाकला, माझ्या पायांवर पाणी घातलं आणि माझा दंड दाबून म्हणाली, "कितली वाळी गयी तू!"

तिने मला त्याआधी कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

तिने जेवायला भरीत केलं होतं. पहिलीला भरीत फार आवडायचं. मला वांग्याने घशाला खाज सुटते. मी तसं सांगू लागले, तर माय म्हणाली, "गपचूप खाय ले. धाकलपनपासून हाईच नाटक करस." लहानपणापासूनचं माझं हे नाटक होतं तर! मी खाल्लं. घसा खाजला. आबा, म्हणजे पहिलीचे वडील, समोर बसून हसत होते. शेजारच्या बायका येऊन बघून गेल्या आणि माय त्यांना सांगत होती, "आम्हनी बाई उनी." आमची लेक आली. एकीनेही "ही ती नव्हे" असं म्हटलं नाही. गाव शहाणं असतं अशा बाबतीत.

दुपारी मायने मला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावलं आणि वेणी घातली. माझी आई गेल्यापासून माझी वेणी कुणी घातली नव्हती. मायचा हात जड होता. केस ओढले गेले, डोळ्यांत पाणी आलं. दुखलं, हे मला स्पष्ट आठवतं, कारण जळगावात मला काही दुखत नसे. मग मी तिथेच चटईवर झोपले, दिवेलागणीपर्यंत झोपले आणि कुणी उठवलं नाही.

निघताना हिरवी साडी, चोळीचा खण, सांजोऱ्यांचा डबा. बसमध्ये मुलगी माझ्या मांडीवर झोपली. मला कळत होतं की हे माहेर माझं नाही, मेलेल्या बाईचं आहे, मी फक्त तिच्या जागेवर बसते आहे. कळत होतं म्हणून काय झालं? तहानलेला माणूस माठ कुणाचा आहे ते विचारत नाही. त्या दिवसापासून मी वर्षभर आखाजीची वाट बघू लागले. एरवी मी कशाचीही वाट बघत नव्हते.

अशा काही आखाज्या झाल्या. भाऊ यायचा, मी जायचे. आबा मला रागवायचे, माय माझ्या तब्येतीवरून माझ्या सासूबाईंना नावं ठेवायची. भरीत खायची मला सवय झाली, घशाला नाही झाली.

चित्राचं काढलं ते सासूबाईंनी. पितृपक्षात अविधवा नवमीला, नवरा मागे ठेवून गेलेल्या बाईचं पान घालतात. सासूबाईंना पाटावर ठेवायला पहिलीचा फोटो हवा होता, हार घालता येईल असा मोठा. घरात फोटो एकच, लग्नातला. त्यात पहिली खाली मान घालून बसलेली, डोक्यावर पदर, कपाळावरून मुंडावळ्या लोंबत आलेल्या. दिसत होती ती हनुवटीची एक कड, कानाच्या पाळीचं टोक आणि मेंदीचे हात. सासूबाई तो घेऊन स्टुडिओत गेल्या. स्टुडिओवाला फोटो मोठा करून वर रंग भरून देत असे. तो म्हणाला, मावशी, यात बाई कुठे आहे? मुंडावळ्या मोठ्या करून देऊ का?

घरी येऊन त्या मला म्हणाल्या, "तू एवढी शिकली चित्तरं काढाले. मानसं काढती म्हने. मंग हिले काढ ना."

आणि मुलगी होती. ती आता शाळेत जात होती. तिच्या वर्गातल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं की तुझी आई वारली आहे आणि ही तुझी मम्मी दुसरी आहे. तिने रडारड केली नाही. फक्त येईल त्या माणसाला विचारू लागली, "माझी आई दिसायला कशी होती?" मोलकरणीला विचारलं, गॅसवाल्यालाही विचारलं. माझ्याकडे बघत हा प्रश्न तिने कधी विचारला नाही, एवढी ती शहाणी होती. मी पलंगाखालून रंगांची पेटी ओढली. पांढऱ्याची ट्यूब दगड झाली होती, ब्रशना वाळवी लागली होती. तरी मी एकेक ट्यूब दाबून बघत बसले, तेव्हा मला कळलं की मला हे चित्र करायचंच आहे.

आधी नवऱ्याला विचारलं. "कशा होत्या त्या दिसायला?"

ते पेपर वाचत होते. "कशा म्हणजे?"

"चेहरा. नाक, डोळे."

त्यांनी खरोखर विचार केला. पेपर खाली ठेवून केला. मग म्हणाले, "साधारण तुझ्यासारखीच होती."

मी पुन्हा विचारलं, उंची? म्हणाले, बेताची. आणि पेपर उचलला. तिच्याशी पाच वर्षं संसार केलेला हा माणूस. उद्या मी गेले तर तिसरीला हेच सांगतील, साधारण तुझ्यासारखीच. मला राग यायला हवा होता. मी जाऊन कणीक मळली.

सासूबाई म्हणाल्या, "डोये मोठ्ठे व्हते. रंग उजया. नाक..." आणि थांबल्या. "नाक व्हतं," एवढंच म्हणाल्या. सासूने सुनेला उजळ म्हणावं, म्हणजे एक तर ते खरं असणार, नाहीतर मेल्यावर सगळ्यांचाच रंग उजळतो.

आमच्या कॉलेजात माणसाचं चित्र शिकवायला एक म्हातारे सर होते. मॉडेल म्हणून बसायला धुळ्यात कोण येणार? शिपाई बसायचा, तोही तंबाखू मिळाला तर. सर म्हणायचे, कातडी काढू नका, आधी हाड शोधा. वय कातडीला असतं, हाडाला घराणं असतं. आम्ही मागे बसून हसायचो. आता ते मला आठवलं. पहिलीचा चेहरा कुणाच्या लक्षात नव्हता, पण तिच्या वरची बाई भडगावला होती आणि तिच्या खालची माझ्याच घरात गृहपाठ करत होती. म्हातारीतून वय काढायचं, पोरीत वय घालायचं. दोन्हीकडून चालत आलं तर मध्ये कुठेतरी ती भेटायला हवी.

पुढच्या आखाजीला मी कागद आणि कोळसा घेऊनच भडगावला गेले. मायला आणि नातीला ओट्यावर शेजारी शेजारी बसवलं. मायला मजा वाटली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "मनं काढी राह्यनी का?"

"नाही माय, तुमच्या लेकीचं काढते आहे."

ती खळखळून हसली. "मंग आरसामा दख ना!"

मी तिला समजावून सांगितलं की नातीला आईचा चेहरा बघायचा आहे. "कसाले जोयजे?" ती म्हणाली. "तू उनी, मंग ती उनीच शे." पण बसली. हवं तितकं बसली, मध्ये शेंगा सोलत, मध्ये मला दटावत की सावलीला ये, काळी पडशील.

सोपं नव्हतं ते. मुलीच्या हनुवटीत नवरा होता, सगळा तिथेच जमा झालेला. त्याला आधी काढून टाकावं लागलं. मुंडावळ्यांखालची हनुवटीची कड त्या कामी आली. मायच्या गालांत दात पडल्यामुळे खड्डे होते, ते भरावे लागले. फोटोतली कानाची पाळी मायची नव्हती, मुलीचीही नव्हती. ती भावाच्या कानात सापडली, म्हणजे आबांची. कागदामागून कागद काळे केले. बहुतेक चेहऱ्यांना सगळं होतं, पण त्यांतलं कुणी कुणाचं नव्हतं, त्या टाकासारखंच. मग एकदा आबा काहीतरी सांगत होते, बैलाच्या खरेदीचं, आणि आजी-नात दोघी ऐकत होत्या. ऐकताना दोघींचा खालचा ओठ थोडा डावीकडे सरकला. अगदी एकसारखा. कुणी मला हे सांगितलं नव्हतं, कुणाला माहीतही नसावं. मी कोळशाने ती एवढीशी रेघ हलवली.

भाऊ माझ्या मागे उभा राहून बघत होता. तो निंबाच्या मागे गेला आणि जेवायला बोलावलं तरी आला नाही.

मायला मी तो कागद दाखवला नाही. कच्चं काम दाखवायचं नसतं, एवढंच त्यामागे होतं.

जळगावला येऊन मी हार्डबोर्ड आणला, त्यावर पांढरा हात दिला आणि स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या खिडकीत तेलरंगात चित्र सुरू केलं. टर्पेंटाइनचा वास वरणाला लागतो म्हणून सासूबाई कुरकुरायच्या. मुलगी शाळेतून आली की उंबऱ्यात बसायची. मी तिला अमुक बाजूला मान कर म्हटलं की करायची. जळगावच्या त्या उन्हाळ्यात रंग भराभर सुकत होते आणि मला घाई करावी लागत होती. कातडीचा रंग मनासारखा येईना, मग गालाखाली किंचित हिरवट लावला तेव्हा आला. रात्री झोपताना दुसऱ्या दिवशीचा ब्रश कुठे ठेवायचा ते डोळ्यांसमोर यायचं. त्या दिवसांत मी जिवंत होते, हे सांगायला हरकत नाही.

संपल्यावर मी चित्राशेजारी आरसा धरला. माझ्यातलं काही चुकून उतरलं आहे का ते बघायला. चित्रकाराचं नाक नकळत दुसऱ्याच्या तोंडावर जाऊन बसतं, हे होतं. काहीच नव्हतं. भिवया नाहीत, डोळ्यांतलं अंतर नाही. नवऱ्याचं म्हणणं साफ चूक होतं. ती माझ्यासारखी मुळीच नव्हती.

नवरा कचेरीतून आले. एक चप्पल काढली आणि दुसरी पायातच राहिली. चित्राकडे बघून ते म्हणाले, "हो." एवढंच. त्या संध्याकाळी ताट पुढच्या खोलीत मागवून घेतलं. सासूबाईंनी हात जोडले, मग पदराने डोळे पुसले. मुलगी खूप वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही माझ्याकडे का बघत नाही?"

"ती ऐकते आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशीपासून ती चित्रासमोर बसून त्याला शाळेतल्या गोष्टी सांगू लागली. कुणी कुणाचं रबर घेतलं वगैरे. मला तिने त्या कधी सांगितल्या नव्हत्या. चित्राला ती आई म्हणायची. त्यात चूक काही नव्हती, आईच होती ती.

अविधवा नवमीला सासूबाईंनी भडगावला निरोप धाडला की येऊन बघून जा. भाऊ मायला घेऊन आला. मी पाटाभोवती रांगोळी काढली होती, चित्राला झेंडूचा हार घातला होता. आणि खरं सांगायचं तर मी शाबासकीची वाट बघत होते. मायने माझ्या पाठीवर हात ठेवावा, म्हणावं, केवढी हुशार मनी बाई. एवढंच मला पाहिजे होतं.

माय आली, पाय धुतले, माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मग आत वळली आणि तिला चित्र दिसलं.

ती खाली बसली, बसली म्हणजे पडलीच. गुडघ्यांवर सरकत पाटापर्यंत गेली. चित्राच्या गालावर अख्खा तळवा ठेवला. आणि म्हणाली, "हाई मनी आंडेर." ही माझी लेक. हळू म्हणाली, जणू आम्हाला ओळख करून देत होती.

मग तिने हंबरडा फोडला. आमच्याकडे बायका रडतात ते शब्द घालून, सूर लावून, मेलेल्या माणसाशी बोलत. तू कुठे गेली, मला सांगितलं नाही, तुझ्या पोरीला कुणाच्या पदरात टाकलं. पदर माझा, आणि मी तिथेच उभी होते. गल्लीतल्या बायका धावत आल्या, त्यांना वाटलं घरात आताच कुणी गेलं. भाऊ दाराला टेकून उभा होता. तो मला सांगू लागला की बहीण गेली तेव्हा माय रडलीच नव्हती. दगडासारखी बसून होती, जेवत नव्हती, बोलत नव्हती. सगळ्यांना वाटत होतं आता हीपण जाते. मग जावयाचं दुसरं लग्न झालं, आखाजीला मी आले आणि ती उठून भरीत भाजायला बसली. "मायनी कव्हय मानंच नही का ती मरी गयी," तो म्हणाला. ती मेली हे मायने कधी मानलंच नव्हतं.

आता मानलं. मी समोर पुरावा ठेवला होता, हार घालून.

रडणं ओसरल्यावर सासूबाईंनी तिला चूळ भरायला पाणी दिलं. ती चार घास जेवली. निघताना मी नेहमीसारखी वाकले. दर वेळी तिचा हात धपकन माझ्या पाठीवर पडायचा. या वेळी तिने पाय थोडे मागे घेतले. "ऱ्हाऊ द्या," म्हणाली, जावयाच्या घरच्या माणसाशी बोलावं तसं. मग पिशवीतून खण आणि नारळ काढला आणि माझी ओटी भरली. कुठल्याही घरी गेल्यावर सवाष्णीची भरतात तशी, नीट, रीतीप्रमाणे. तिने माझ्याकडे बघितलं तेव्हा मला दिसलं की ती पहिल्यांदाच माझा चेहरा बघते आहे. तोंडओळख करून घेते आहे. तिचा खालचा ओठ जागच्या जागी होता.

हिवाळा गेला. मी स्वतःला सांगत होते की बाईमाणूस आहे, दुःख ताजं झालंय, आखाजीपर्यंत निवळेल. चैत्रात मी हिरवी साडी फॉल लावून आणली. आखाजीच्या आधी बॅग भरली, माझी आणि मुलीची एकत्र, दर वर्षीसारखी.

भाऊ आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि टोपी काढून हातात फिरवू लागला. "भाचीले लेवाले उनू," म्हणाला.

मी दारात बॅग घेऊन उभी होते. त्याने ती बघितली. मग तो माझ्याशी शहरातली मराठी बोलला, अडखळत, कचेरीत अर्ज करायला गेल्यासारखी. "माय म्हणत होती, वहिनींना घरी खूप काम असेल. उगीच तसदी नको."

इतकी वर्षं मी त्याची बाई होते. वहिनी त्या दिवशी झाले.

मी म्हटलं, हो, काम आहेच. आत जाऊन बॅग उघडली, माझ्या साड्या बाहेर काढल्या, फ्रॉक राहू दिले. मुलगी विचारत होती, मम्मी, तू नाही का येत? मी तिच्या रिबिनी बांधत होते, म्हटलं, तू तुझ्या आजीला सांभाळ. ते दोघं गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी बघत होते. भाऊ चांगला माणूस होता, त्याने वळून हात केला.

घरात कुणी नव्हतं. सासूबाई असोद्याला गेल्या होत्या, नवरा कचेरीत. मी चित्रासमोर बसले. मला तिचा राग आला, हे स्पष्टच सांगते. टाक गळ्यात घालून इतकी वर्षं काढली, तिचं पान आधी वाढलं, तेव्हा ती मला सवत वाटली नव्हती. त्या दुपारी वाटली. मीच तिला नाक दिलं, डोळे दिले, कान तिच्या भावाच्या डोक्यावरून उचलून आणून लावले, आणि तिने समोर बसून माझी आई काढून घेतली.

मी पेटी उघडली. एक बारीक ब्रश घेतला, थोडा तपकिरी, थोडा पांढरा. कुठे हात लावायचा ते मला पक्कं माहीत होतं. खालचा ओठ सरळ केला की झालं. एवढीशी रेघ. बाकी सगळं तसंच राहिलं असतं, रंग, डोळे, कपाळ, हार. फक्त ती कुणाचीच राहिली नसती. पुढच्या खेपेला माय आली असती, चित्राकडे बघून म्हणाली असती, नाही, ही नव्हे, आणि माझ्याकडे वळली असती. मला त्या वेळी हे अगदी खात्रीने वाटत होतं.

ब्रशचं टोक मी ओठाच्या कोपऱ्याजवळ नेलं. ती ऐकत होती. जिवंत माणूस ऐकतं तशी.

मी पुढे पुष्कळ चित्रं केली. डाळमिलमध्ये पाखडणाऱ्या बायका केल्या, कापूस वेचणाऱ्या केल्या, म्हाताऱ्या नवऱ्याला बसवून त्यांचं केलं. लोकांनी ती नावाजली. पण तसा ओठ माझ्या हातून पुन्हा आला नाही. मला दोन्हींतलं एकच मिळणार होतं आणि मी कोणतं निवडलं हे मला रेघ न ओढताच हात मागे आल्यावर कळलं. माहेर परत मिळालं असतं. असं चित्र नसतं मिळालं.